नादारीचें दार आणि प्रामाणिक ऋणको

व्यापार बुडण्यास आपल्या भाषेंत 'दिवाळें' हा जो शब्द आहे, त्याची हकीकत जुने लोक अशी सांगतात कीं, ज्याचीं देणीं भागेनाशीं झालीं तो पेढीवाला भर दिवसां दुकानांत दिवा लावून गादी उलटी करून ठेवी, आणि तें पाहून येणारेजाणारे काय तें समजत. ही व्युत्पत्ति खरी असो वा नसो, तींतील एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ती ही कीं, तो मनुष्य आपली बुडालेली स्थिति चारचौघांपुढें उघड करीत असे. आज देणें झेपेनासें झालेला गृहस्थ याच्या अगदीं उलट वागतो. तो एका सावकाराचें देणें दुसऱ्याकडून काढून भागवितो. बायकोचे दागिने गहाण टाकतो. भावास व सासऱ्यास जामीन करतो. आणि हे सर्व उपाय थकले म्हणजे एके रात्रीं गांव सोडतो, किंवा त्याहूनही भयंकर असें कांहीं करून बसतो. अशा मनुष्यासाठीं कायद्यानें शंभराहून अधिक वर्षें एक दार ठेवलेलें आहे. त्या दाराची माहिती फार थोड्यांस आहे, आणि ज्यांस आहे ते लाजेनें तिकडे फिरकत नाहींत. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस वाटेल कीं, हा विषय गिरणीमालकांचा व मोठमोठ्या कंपन्यांचा आहे. तसें नाहीं. कंपनी बुडाली तर तिचें देणें सामान्यतः तिच्याच मालमत्तेपुरतें राहतें. परंतु ज्या किराणा दुकानदारानें, कापडवाल्यानें, शिंप्यानें किंवा छापखानेवाल्यानें स्वतःच्या नांवावर कर्ज काढलें, त्याचें दुकान आणि त्याचें घर यांत कायदा भेद करीत नाहीं. दुकानाचें कर्ज घराच्या उंबरठ्याशीं थांबत नाहीं. शिवाय हल्लीं कर्ज मिळणें जितकें सुलभ झालें आहे तितकें तें पूर्वीं कधींही नव्हतें. बँक, पतपेढी, वित्तकंपनी, क्रेडिट कार्ड आणि मोबाईलवर घटकाभरांत पैसे देणारे ॲप, असे पांच-सहा सावकार एकाच मनुष्याच्या मागें असणें ही आतां नित्याची गोष्ट झाली आहे. २०२० सालच्या साथींत दुकानें महिनेच्या महिने बंद राहिलीं, तेव्हां ज्यांच्याकडे कसलाही दोष नव्हता अशांचींही देणीं थकलीं. तेव्हां जो बुडाला तो उधळ्या किंवा लबाडच असला पाहिजे, हा समज निदान व्यापारी लोकांनीं तरी मनांतून काढून टाकावा.

कर्ज न फेडणारा तो अपराधी आणि अपराध्याची जागा तुरुंग, ही समजूत एके काळीं कायद्याचीही होती. ती हळूहळू ढिली झाली. मुंबई, कलकत्ता व मद्रास या तीन शहरांसाठीं १८४८ सालीं नादारीचा कायदा झाला. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं; तो दंगा आसपासच्या तालुक्यांत व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला; आणि त्याच्या चौकशीनंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं जो खास कायदा झाला, त्यांत पैशाच्या हुकूमनाम्याबद्दल शेतकऱ्यास कैद करूं नये असें ठरलें व शेतकऱ्यांच्या नादारीचें एक प्रकरणही घातलें गेलें. पुढें १९०९ सालीं त्या तीन शहरांसाठीं आणि १९२० सालीं इतर प्रांतांसाठीं असे दोन कायदे झाले. १९३६ सालीं दिवाणी कायद्यांत दुरुस्ती होऊन, ऋणको अप्रामाणिक आहे असें दिसल्याशिवाय त्यास दिवाणी तुरुंगांत धाडूं नये, असें बंधन आलें. आणि १९८० सालीं सर्वोच्च न्यायालयानें न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांच्या मुखानें स्पष्ट केलें कीं, केवळ दारिद्र्यामुळें देणें देतां येत नाहीं एवढ्याच कारणानें कोणास तुरुंग दाखवितां येणार नाहीं. या सर्व इतिहासाचें सार एकच आहे. ज्यास देतां येत नाहीं तो आणि ज्यास द्यावयाचें नाहीं तो, हे दोघे कायद्याच्या दृष्टीनें भिन्न होत. समाजाच्या दृष्टीनें ते अजून एकच आहेत, हीच काय ती अडचण.

आतां हें दार कोठें आहे व त्यांतून आंत कसें जावें, तें सांगतों. मुंबई शहरांत राहणाऱ्यानें किंवा धंदा करणाऱ्यानें १९०९ च्या कायद्यान्वयें उच्च न्यायालयांत अर्ज करावयाचा. तेथें मिळकतीची व्यवस्था ऑफिशियल असायनी या अधिकाऱ्याकडे जाते. पुणें, नाशिक, सोलापूर, नागपूर किंवा इतर कोणत्याही जिल्ह्यांतील मनुष्यानें १९२० च्या कायद्यान्वयें जिल्हा न्यायालयाकडे जावयाचें. तेथें मिळकत न्यायालयाच्या किंवा त्यानें नेमलेल्या रिसीव्हराच्या ताब्यांत येते. १९२० च्या कायद्याप्रमाणें अर्जदारास आपलीं देणीं देतां येत नसलीं पाहिजेत. आणि त्याखेरीज एकूण कर्ज ५०० रुपयांवर असणें, किंवा हुकूमनाम्याच्या बजावणींत अटक झालेली असणें, किंवा मिळकतीवर जप्ती आलेली असणें, यांपैकीं एक गोष्ट असली म्हणजे पुरे. देणें देतां येत नाहीं हें सिद्ध करण्यास ऋणकोकडून प्रथमदर्शनीं पटेल एवढाच पुरावा मागितला जातो.

अर्जांत काय लिहावयाचें हेंही कायद्यानें सांगितलें आहे. आपला राहण्याचा व धंद्याचा पत्ता. प्रत्येक धनकोचें नांव, ठिकाण व रक्कम. आपली सर्व जंगम व स्थावर मिळकत, ती कोठें आहे व तिची किंमत काय. पूर्वीं असा अर्ज केला होता काय. आणि ही सर्व मिळकत न्यायालयाच्या स्वाधीन करण्यास आपण तयार आहों असें निवेदन. यांत एकही धनको गाळूं नये आणि एकही दागिना लपवूं नये. मेव्हण्याचे हातउसने घेतलेले पैसे लिहिण्यास संकोच वाटतो, आणि गांवाकडील जमिनीचा हिस्सा सांगावासा वाटत नाहीं; परंतु पुढें याच दोन गोष्टींवरून अर्जदाराच्या प्रामाणिकपणाची परीक्षा होते. कीर्द, खतावणी व बँकेचे हिशेब जसे असतील तसे हजर करावे. जाणूनबुजून वह्या लपविणें, नाहींशा करणें किंवा खोटा हिशेब देणें हा या कायद्यांत गुन्हा असून त्यास एक वर्षापर्यंत कैद आहे.

नादार ठरल्याचा हुकूम झाला म्हणजे काय होतें? पहिली गोष्ट ही कीं, त्या घटकेपासून साध्या धनकोंस ऋणकोच्या मिळकतीवर आपापल्या परीनें तुटून पडतां येत नाहीं. न्यायालयाच्या परवानगीवांचून नवा दावा लावतां येत नाहीं. अटकेपासून संरक्षण मिळावें म्हणून निराळा हुकूमही मागतां येतो. दुसरी गोष्ट ही कीं, जी चीजवस्तु दिवाणी कायद्यानें जप्त होत नाहीं ती नादारींतही जात नाहीं. अंगावरील कपडे, अंथरूण, स्वयंपाकाचीं भांडीं, धर्माचाराप्रमाणें स्त्रीस अंगावरून उतरवितां येत नाहीं तो अलंकार, कारागिराचीं हत्यारें, शेतकऱ्याचीं औतें, बैल व घर, हीं सर्व त्यास राहतात. पगारदाराच्या पगारांतून पहिले एक हजार रुपये व उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग सामान्य हुकूमनाम्यांत जप्त होत नाहीं. तिसरी गोष्ट तडजोडीची. हजर धनकोंपैकीं संख्येनें बहुसंख्य व रकमेनें तीन-चतुर्थांश जर एखाद्या योजनेस संमति देतील आणि न्यायालय ती मान्य करील, तर ती योजना सर्वांवर बंधनकारक होते. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मुक्तता. नादारीच्या हुकुमांत न्यायालय एक मुदत घालून देतें; तिच्या आंत ऋणकोनें मुक्ततेसाठीं निराळा अर्ज करावयाचा असतो. तो मंजूर झाला म्हणजे राहिलेलीं देणीं सुटतात आणि मनुष्य पुनः स्वच्छ पाटीवर आपलें नांव लिहूं शकतो. पुष्कळांचें घोडें नेमकें येथें अडतें. अर्ज करून संरक्षण घेतात आणि मुदत विसरतात. मग हुकूम रद्द होतो व सर्व धनको पुनः दारांत उभे राहतात.

मुक्तता मागितली कीं मिळतेच असें मात्र नाहीं. मिळकतींतून बिनतारण देण्यांचा रुपयास आठ आणे, म्हणजे आजचे पन्नास पैसे, इतका भागही निघत नसेल, आणि तसें होण्यास ऋणको स्वतः जबाबदार असेल. त्यानें धंद्याच्या रीतीप्रमाणें वह्या ठेवल्या नसतील. आपण बुडालों हें कळूनही व्यापार चालू ठेवला असेल. किंवा सट्ट्यांत व चैनींत पैसा घातला असेल, तर न्यायालय पूर्ण मुक्तता नाकारतें. सरकारचें देणें, फसवणुकीनें काढलेलें कर्ज आणि बायकामुलांच्या पोटगीची रक्कम यांतून मुक्ततेनंतरही सुटका नाहीं. ज्यानें घर किंवा दुकान तारण घेतलें आहे त्या धनकोचा तारणावरील हक्क अबाधित राहतो. जामिनाचीही सुटका होत नाहीं. म्हणून भावाच्या कागदावर सही करणाऱ्यानें आपण केवळ साक्षीदार आहों अशी समजूत करून घेऊं नये. दिलेला चेक न वटल्याबद्दलचा फौजदारी खटलाही नादारीच्या अर्जानें आपोआप थांबत नाहीं. आणि नादार मनुष्य मुक्त होईपर्यंत संसदेचा किंवा विधिमंडळाचा सभासद होऊं शकत नाहीं.

आतां धनकोंच्या बाजूचा आक्षेप घेऊं, कारण आमच्या वाचकांपैकीं व्यापारी हे बहुधा धनकोही आहेत व ऋणकोही आहेत. ते म्हणतील कीं, हें दार अधिक उघडलें तर जो तो कर्ज काढून हात वर करील. या भीतींत तथ्य मुळींच नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु नादारीच्या कोर्टाबाहेर आज काय चालतें तें त्यांनीं पाहावें. एखादा दुकानदार बुडूं लागला कीं त्याच्याकडील शेवटचा पैसा कोणास मिळतो? जो सभ्यपणें उधारीची चिठ्ठी पाठवितो त्या घाऊक व्यापाऱ्यास नाहीं; ज्यानें उधारीवर सहा महिने माल दिला त्या गिरणीवाल्यास नाहीं; दुकानांतील नोकरास तर नाहींच. तो मिळतो दारांत चार माणसें उभीं करून शिवीगाळ करणाऱ्या बेकायदेशीर सावकारास, आणि त्याच्या खालोखाल ऋणकोच्या नातलगांस. नादारीच्या कायद्यानें ही लूट बंद होते. अर्जापूर्वीं तीन महिन्यांच्या आंत एका धनकोस मुद्दाम झुकतें माप दिलें असेल तर तो व्यवहार रद्द होतो. नादार ठरण्यापूर्वीं दोन वर्षांच्या आंत मोबदल्यावांचून बायकोच्या किंवा मुलाच्या नांवें करून दिलेली मिळकत परत ओढतां येते. आणि सरकारी देण्यासारखीं अग्रक्रमाचीं देणीं वगळून जें उरेल तें सर्व साध्या धनकोंत ज्याच्या त्याच्या रकमेच्या प्रमाणांत वांटलें जातें. सारांश, हा कायदा जितका प्रामाणिक ऋणकोचा आहे तितकाच शांत धनकोचाही आहे. त्याची भीति बाळगावयाची तर ती दांडगाईनें वसूल करणाऱ्यांनीं बाळगावी.

दुसरा आक्षेप धर्माचा. बापाचें ऋण मुलानें फेडलेंच पाहिजे, नाहीं तर पितरांस गति नाहीं, ही समजूत इतकी खोल गेली आहे कीं कित्येक घरांत आजाच्या कर्जाचें व्याज नातू देत आहेत. मुलानें आपखुशीनें बापाचें देणें दिलें तर त्याचें आम्ही कौतुकच करूं. परंतु २००५ सालच्या हिंदु वारसा कायद्याच्या दुरुस्तीनें असें ठरविलें आहे कीं, त्या दुरुस्तीनंतर काढलेल्या कर्जाबद्दल केवळ या पवित्र कर्तव्याच्या आधारावर मुलगा, नातू किंवा पणतू यांच्यावर धनकोस न्यायालयांत वसुली मागतां येणार नाहीं. वारशानें जें हातीं आलें तेवढ्यापुरती जबाबदारी राहते, त्यापलीकडे नाहीं. आणि ज्या धर्मशास्त्राचा आधार सावकार घेतात, त्याच शास्त्रानें दामदुपटीचा नियम घालून मुद्दलाहून अधिक व्याज एका वेळीं घेऊं नये असेंही सांगितलें आहे. शास्त्रांतील अर्धा श्लोक आठवून उरलेला अर्धा विसरणें हें कांहीं धर्माचें लक्षण नव्हे.

मग हें दार ओस कां? लाज हें एक कारण झालें. दुसरें कारण सरकारचें आहे. १९२० च्या कायद्यांतील आंकडे आजही तेच आहेत. नोकराच्या थकलेल्या पगारास अग्रक्रम आहे, पण तो वीस रुपयांपुरता! मुक्त न झालेल्या नादारानें आपली स्थिति न सांगतां ५० रुपयांची उधारी केली तर तो गुन्हा! हे नियम ज्या काळीं झाले त्या काळीं त्यांस अर्थ होता. आज ते वाचतांना हंसूं येतें. विधि आयोगानें १९६४ सालींच आपल्या सव्विसाव्या अहवालांत नादारीचे कायदे एकत्र करून सुधारण्याची शिफारस केली होती. त्यानंतर विश्वनाथन् समितीचा अहवाल २०१५ च्या नोव्हेंबरांत आला आणि २०१६ सालीं नवी संहिता झाली. तिच्या तिसऱ्या भागांत व्यक्ति व भागीदारी यांच्यासाठीं संपूर्ण व्यवस्था आहे. परंतु तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जास जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता. कंपनीच्या संचालकासाठीं नवा राजमार्ग आणि शिंप्यासाठीं १९२० ची पायवाट, असा हा न्याय आहे.

त्या संहितेंत अगदीं गरीब ऋणकोसाठीं 'नवा आरंभ' म्हणून एक सोपी रीत योजिली आहे. तींत थोडक्या चौकशीनें लहान कर्जें माफ व्हावयाचीं आहेत. पण तिच्याही मर्यादा पाहा: वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आंत, मालमत्ता २०,००० च्या आंत, कर्ज ३५,००० च्या आंत आणि स्वतःचें घर नसावें. महिना पांच हजारांहून अधिक मिळविणारा हमाल या व्याख्येंत बसत नाहीं. म्हणजे ही सवलत लागू होण्यापूर्वींच आंखूड झाली आहे. शिवाय नव्या व्यवस्थेंत व्यक्तींचीं प्रकरणें कर्जवसुली न्यायाधिकरणांकडे जावयाचीं आहेत, आणि तीं मूठभर शहरांतच आहेत. ज्याच्यापाशीं कर्ज फेडण्यास पैसा नाहीं त्यानें तारखेस गडचिरोलीहून नागपुरास आणि रत्नागिरीहून मुंबईस खेपा घालाव्या, ही अपेक्षा व्यवहारास धरून नाहीं.

सरकार जागें होईपर्यंत लोकांनीं काय करावें? पहिलें हें कीं, उशीर करूं नये. नवें कर्ज काढून जुन्याचा हप्ता भरण्याची पाळी आली म्हणजे त्याच आठवड्यांत सर्व देण्यांची एका कागदावर यादी करावी आणि ती घरांतील शहाण्या माणसापुढें, बायकोपुढें तर अवश्य, ठेवावी. त्यानंतर धनकोंकडे लेखी तडजोड मागावी; बँका व वित्तकंपन्या अशी तडजोड करतात, आणि ती झाल्यास तिचा कागद व अखेरचा नादेय दाखला हातीं घ्यावा. वसुलीच्या माणसांनीं सकाळीं आठच्या आधीं व सायंकाळीं सातनंतर फोन करूं नये, धमकी देऊं नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे; तो मोडणाऱ्याविरुद्ध आधीं त्या बँकेकडे व मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार जाते. विनापरवाना सावकारानें जमीन किंवा घर लिहून घेतलें असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यान्वयें सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करावा.

एवढ्यानें भागलें नाहीं तर नादारीचा अर्ज. त्यासाठीं वकिलाची फी कोठून आणावी, हा प्रश्न येथें उभा राहतो. प्रत्येक जिल्ह्यांत जिल्हा विधि सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणें स्त्रिया, अनुसूचित जाति-जमातींचे लोक, अपंग, कारखान्यांतील कामगार आणि राज्यानें ठरविलेल्या उत्पन्नमर्यादेच्या आंतील कोणीही मनुष्य यांस तेथें दिवाणी कामांतही फुकट वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करतां येते. उलट, 'तुमचें सर्व कर्ज पुसून देतों, आधीं इतके रुपये भरा' असें सांगणाऱ्या दलालांपासून दूर राहावें. न्यायालयावांचून किंवा धनकोच्या लेखी संमतीवांचून कोणाचेंही कर्ज कोणासही पुसतां येत नाहीं.

व्यापारी संघांस आमची एक सूचना आहे. बाजारांतील भांडणें मिटविण्यास तुम्ही पंच नेमतां, जकातीसाठीं व विक्रीकरासाठीं शिष्टमंडळें नेलीं, तसे दर आठवड्यास एक दिवस एक वकील व एक हिशेबनीस संघाच्या कचेरींत बसवा. अडचणींत आलेल्या सभासदानें वह्या घेऊन तेथें यावें, त्याच्या देण्यांची यादी व्हावी, धनकोंस एकत्र बोलवावें, आणि तडजोड न झाल्यास अर्जाचा मसुदा तेथेंच तयार व्हावा. या कामास फार पैसा लागत नाहीं. बुडालेल्या मनुष्याचें नांव चवाट्यावर न घेण्याचा निश्चय मात्र लागतो. सरकारकडे आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे: संहितेचा तिसरा भाग सर्वांस लागू करावा, 'नव्या आरंभा'च्या मर्यादा आजच्या मजुरीच्या मानानें ठरवाव्या व त्या वेळोवेळीं आपोआप वाढाव्या, आणि हीं प्रकरणें चालविण्याची सोय जिल्ह्याच्या ठिकाणीं करावी.

व्यापारांत जोखीम आहे, म्हणजे बुडणारे असणारच. अशा मनुष्यानें आपल्या वह्या न्यायालयापुढें ठेवणें ही अब्रू जाण्याची गोष्ट नव्हे. उलट आपल्यापाशीं जें आहे तें सर्वांस सारखें वांटून घ्या, असें सांगण्याची ती एकमेव सरळ रीत होय. ही रीत जो पत्करील त्यास उद्यां पुनः दुकान मांडतांना दोन पोतीं माल उधार देण्यास बाजारांत कोणी तरी पुढें आलें पाहिजे.